निओडिमियमला हमीभाव

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमचा साठा सापडल्याची घोषणा झाली आणि देश लिथियमच्या बाबतीत स्वयंपूर्ण होणार असे मथळे दोन दिवस झळकले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मूळ घोषणेत हा साठा ‘अनुमानित’ म्हटला होता, म्हणजे अन्वेषणाच्या चार पायऱ्यांपैकी जी-३ या पायरीवरचा. तिथे किती खनिज असावं याचा अंदाज बांधता येतो; तो काढणं परवडेल का, हे अजून कुणी विचारलेलंही नसतं. पुढे केंद्राने हा गट लिलावात काढला तेव्हा नियमाप्रमाणे लागणारे तीन पात्र बोलीदारही मिळाले नाहीत आणि लिलाव रद्द झाला. खनिजं फोडून, विरघळवून, वेगळी करण्याच्या धंद्यात ज्यांची हयात गेली त्यांना याचं नवल वाटलं नाही. रियासीचं लिथियम मातकट खनिजात अडकलेलं आहे आणि अशा खनिजातून व्यापारी प्रमाणावर लिथियम काढण्याची रीत जगात अजून कुठे नीट रुळलेली नाही. खाण म्हणजे पुरवठा, ही समजूत मात्र घट्ट आहे आणि आपलं सरकारी धोरण अजूनही बरंचसं तिच्याच भोवती फिरतं. या कामात राहून माझं जे मत झालं ते वेगळं आहे. सरकारने पैसे टाकून विकत घ्यायची वस्तू खनिजही नाही आणि खाणही नाही. भाव कोसळलेल्या वर्षांत विलगीकरणाचा कारखाना चालू राहील याची हमी सरकारने विकत घ्यायला हवी. बाकीचं त्यामागून येतं. ती नसेल तर बाकीचं येऊनही टिकत नाही.

असं का, हे कळायला असा कारखाना, उदाहरणार्थ चुंबकांना लागणाऱ्या दुर्मिळ मृदांचा, कसा चालतो ते पाहावं लागेल. बाहेरच्या माणसाला तो फार कंटाळवाणा दिसतो. लांबलचक शेडमध्ये ओळीने टाक्या, प्रत्येकीत एक ढवळणी आणि तिला लागून एक निवळणी. धंद्यातली माणसं याला मिक्सर-सेटलर म्हणतात. एका टोकाने आम्लात विरघळलेली दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं येतात, समोरून केरोसीनसारख्या द्रावकात मिसळलेलं फॉस्फरसयुक्त सेंद्रिय रसायन येतं. दोन्ही घुसळली जातात, मग निवळतात. जड मूलद्रव्यं किंचित जास्त प्रमाणात तेलकट थरात जातात, हलकी किंचित जास्त प्रमाणात पाण्यात राहतात. सगळा खेळ या ‘किंचित’चा आहे. निओडिमियम आणि प्रॅसिओडिमियम रासायनिकदृष्ट्या इतके सारखे, की एका टाकीत पडणारा फरक नाममात्र असतो. म्हणून तीच क्रिया टाकीमागून टाकीत करत न्यावी लागते आणि सगळी मूलद्रव्यं सुटी करणाऱ्या कारखान्यात अशा टाक्या शेकड्यांनी लागतात. (या दोघांना सुटं करण्याचा खटाटोप बहुतेकदा कुणी करतही नाही, चुंबकासाठी दोन्ही चालतात, म्हणून बाजारात त्यांचं मिश्रणच ‘एनडीपीआर’ या नावाने विकलं जातं.) कारखाना पहिल्यांदा भरला की शेवटच्या टाकीतून विकण्याजोगा शुद्ध माल यायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. तोवर मौल्यवान माल टाक्यांमध्येच अडकून पडलेला असतो आणि त्यावरचं व्याज चालू असतं. आम्लाचं प्रमाण थोडं हललं, खनिजाची प्रत बदलली, की ओळीभर बसलेली घडी सरकते. ती परत बसवणं पुस्तकात लिहिलेलं असतं खरं, पण प्रत्यक्षात ते ज्यांच्या हाताला सवय असते तेच करतात. असा कारखाना दोन वर्षं बंद ठेवून भाव चढल्यावर पुन्हा चालू करता येत नाही. यंत्रं गंजतात ती बदलता येतात. पाळीतली माणसं खतकारखान्यात, औषधकारखान्यात निघून जातात आणि परत येत नाहीत. चीनने डिसेंबर २०२३ मध्ये दुर्मिळ मृदांच्या विलगीकरणाचं तंत्रज्ञान बाहेर नेण्यावर बंदी घातली. आपलं बळ नेमकं कुठे आहे हे त्यांनी त्या एका आदेशात सांगून टाकलं.

त्यात अर्थकारणाचा आणखी एक पेच आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आपल्याला जो मोनाझाइट मिळतो, त्यातल्या दुर्मिळ मृदांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा सेरियम आणि लँथॅनम यांचा आहे. काच घासायला, तेलशुद्धीच्या उत्प्रेरकांना ते लागतात, पण जगात त्यांचा पूर आलेला आहे आणि भाव नगण्य आहे. किंमत येते ती साधारण एक चतुर्थांश असलेल्या निओडिमियम-प्रॅसिओडिमियमला. चारांतला एक भाग विकून चारही भागांचा खर्च काढायचा, आणि मोनाझाइटमधल्या थोरियमची सुरक्षित साठवण त्यावर वेगळी. उलट चीनच्या बायान ओबोमध्ये दुर्मिळ मृदा लोहखनिजाच्या खाणीतून जोडीला निघतात. खणण्याचा खर्च लोखंडाने आधीच फेडलेला असतो. अशा स्पर्धकाने भाव पाडायचं ठरवलं, तर दुसऱ्याचा कारखाना तोट्यात ढकलायला त्याला फार काही करावं लागत नाही.

हे पुस्तकी भय नाही, २०१० ते २०१५ या पाच वर्षांत ते घडून गेलं आहे. सप्टेंबर २०१० मध्ये सेंकाकू बेटांजवळ एका चिनी मासेमारी बोटीवरून वाद झाला आणि चीनकडून जपानला जाणाऱ्या दुर्मिळ मृदा अनौपचारिकपणे रोखल्या गेल्या. पुढच्या वर्षी निओडिमियम ऑक्साइडचा भाव किलोला २०० डॉलरच्या वर गेला. त्या तेजीत अमेरिकेत मोलिकॉर्पने कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीवर प्रचंड कर्ज काढून नवा कारखाना उभारला. ऑस्ट्रेलियाच्या लायनसने माउंट वेल्डच्या खनिजासाठी मलेशियात कुआंतानजवळ कारखाना घातला. दोन्ही कारखाने रडतखडत मार्गाला लागेपर्यंत भाव ओसरले होते. चीनच्या निर्यात कोट्यांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत खटला जिंकल्याचा अमेरिका, युरोप आणि जपानला आनंद झाला, कोटे २०१५ च्या सुरुवातीला उठले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निओडिमियम ४० डॉलरच्या आसपास आलं. मोलिकॉर्पने जून २०१५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. लायनसची अवस्थाही काही बरी नव्हती. पण लायनसच्या मागे जपानची सरकारी संस्था जोगमेक आणि सोजित्झ ही व्यापारी कंपनी २०११ पासून उभी होती, २५ कोटी डॉलर घेऊन. मंदी आली तेव्हा त्यांनी कर्जाची मुदत वाढवली, व्याज कमी केलं, माल घेत राहिले. कुठल्याही बँकेने हे केलं नसतं, आणि बँकेच्या हिशेबाने न करणंच बरोबर ठरलं असतं. त्या धीराचं फळ म्हणजे जपानचं चीनवरचं अवलंबित्व नव्वद टक्क्यांच्या आसपासवरून साठच्या आसपास उतरलं आणि मे २०२५ मध्ये लायनसने मलेशियात डिस्प्रोसियम वेगळं केलं, चीनबाहेर फार काळ कुणी व्यापारी प्रमाणावर न केलेलं काम. खाणी दोघांकडेही उत्तम होत्या. फरक पडला तो वाईट वर्षांत.

आपली गोष्ट त्याआधीची आहे आणि थोडी खिन्न करणारी आहे. इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी १९५० मध्ये स्थापन झाली, केरळात आलुव्याला मोनाझाइट फोडण्याचं काम त्याच दशकात सुरू झालं. चीन या बाजारात उतरण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे हे ज्ञान होतं. नव्वदीनंतर चिनी माल इतका स्वस्त झाला की २००० नंतरच्या दशकात आपलं विलगीकरण जवळपास थांबलं. निर्णय व्यापारी दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. बाजारात निम्म्या किमतीला मिळतं ते आपण का बनवावं, याला त्या वेळी कुणाकडे उत्तर नव्हतं. नंतर ओडिशात नवा मोनाझाइट प्रकल्प आला, पण तोवर पुढची साखळी, म्हणजे ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि त्यापासून चुंबक, देशात उभीच राहिली नव्हती. म्हणून आपला माल एका करारान्वये जपानला जात राहिला. विशाखापट्टणमला आता समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा प्रकल्प आहे, त्याची क्षमता वर्षाला तीन हजार किलो. संरक्षण आणि अवकाश कार्यक्रमाला ती मोलाची आहे. विजेवर चालणाऱ्या स्कूटरींच्या संख्येपुढे ती काहीच नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात मध्यम व जड दुर्मिळ मृदांवर आणि त्या असलेल्या चुंबकांवर परवाना लावला आणि काही महिन्यांतच पुण्याच्या बजाज ऑटोने विजेवरच्या चेतक स्कूटरचं उत्पादन ऑगस्टमध्ये थांबू शकतं असा इशारा दिला. मोनाझाइट सव्वा कोटी टनांच्या वर असलेल्या देशात ही वेळ आली.

मोनाझाइटसारखंच गॅलियमचं. प्रत्येक बॉक्साइटमध्ये ते अल्प प्रमाणात असतं आणि अ‍ॅल्युमिना बनवताना कॉस्टिकच्या द्रावणात उतरतं. कोल्हापूर जिल्ह्यातला बॉक्साइट वर्षानुवर्षे बेळगावच्या कारखान्यात गेला. ओडिशात तर अ‍ॅल्युमिनाचे डोंगर होतात. तरी जगातलं जवळजवळ सगळं प्राथमिक गॅलियम चीनमध्ये निघतं आणि त्यांनी २०२३ मध्ये त्यावर परवाना लावला तेव्हा अख्खं जग दचकलं. द्रावणात गॅलियम नाही म्हणून कुणी ते काढत नाही, असं नाही. बाजार वर्षाला काहीशे टनांचा, भाव एका देशाच्या हातात. मग कुठला संचालक त्यासाठी पैसे मंजूर करून घेईल?

आणि आपण काय केलं? जून २०२३ मध्ये तीस खनिजांची यादी जाहीर झाली. तांबं, पोटॅश, गॅलियम, ऱ्हेनियम सगळं एकाच यादीत आहे, जणू सगळ्यांचं दुखणं एकच आहे. ऑगस्टमध्ये खाण कायदा दुरुस्त होऊन चोवीस खनिजांच्या लिलावाचे अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतले. लिथियमसह सहा खनिजं अणुखनिजांच्या यादीतून बाहेर काढली, हे चांगलं झालं. पण लिलावाची पद्धत लोहखनिजासाठी घडलेली तीच राहिली. काढलेल्या खनिजाच्या किमतीचा किती टक्के वाटा सरकारला देणार, यावर बोली लागते. लोहखनिजात प्रत ठाऊक असते, गिऱ्हाईक ठाऊक असतं, त्यामुळे तिथे लोक चढाओढीने बोलतात. जिथे जी-४ या सर्वांत प्राथमिक पातळीवरचे चार-दोन नमुने हातात आहेत, शुद्धीची पद्धत ठरलेली नाही आणि देशात विकत घेणारा कारखाना नाही, तिथे कशाच्या टक्क्यांवर बोलायचं? गटामागून गट बोलीदारांअभावी रद्द झाले यात उद्योगाचा भित्रेपणा शोधणं अन्यायाचं आहे. ज्या टप्प्यावर राज्याने जोखीम उचलायला हवी, तिथेच ते महसूल मागतं.

जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनमध्ये १६,३०० कोटी रुपये आहेत आणि सार्वजनिक कंपन्यांकडून आणखी १८,००० कोटी अपेक्षित आहेत. २०३०-३१ पर्यंत बाराशे अन्वेषण प्रकल्प हे त्यातलं ठळक उद्दिष्ट. अन्वेषण हवंच, नागपूरजवळच्या कुही-खोबणाच्या पट्ट्यातल्या टंगस्टनपासून राजस्थानपर्यंत बरंच काही अर्धवट माहिती असलेलं पडून आहे. परदेशातही हातपाय पसरणं चालू आहे. तीन सरकारी कंपन्यांनी २०१९ मध्ये मिळून काढलेल्या ‘काबिल’ने अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात पाच लिथियम गटांमधलं सुमारे १५,७०० हेक्टर क्षेत्र जानेवारी २०२४ मध्ये मिळवलं. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण मालकीचा कागद आपल्याकडे असला तरी माल शेवटी जिथे तो शुद्ध होतो तिथेच जातो. मोलिकॉर्पच्या दिवाळखोरीनंतर माउंटन पास ज्या एमपी मटेरियल्सने चालवली, तिने अमेरिकेच्या भूमीवरचं ते खनिज वर्षानुवर्षे चीनलाच विकलं, अगदी एप्रिल २०२५ पर्यंत. यात देशद्रोह वगैरे काही नव्हता. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

म्हणून मी हमीभावाची बाजू घेतो, आणि हा शब्द काढताच महाराष्ट्रातला वाचक काय म्हणेल हेही जाणतो. कापूस एकाधिकार योजना आपण पाहिली आहे. १९७२ पासून सुमारे तीन दशकं सरकार एकटंच कापसाचं गिऱ्हाईक होतं आणि शेवटी शेवटी त्या तोट्याने तिजोरी वाकली. हा आक्षेप गंभीर आहे. पण ती योजना का बुडाली? भाव दर हंगामात राजकीय दडपणाखाली ठरत होता, खरेदीला मर्यादा नव्हती, आणि माल सरकारच्या गोदामात पडत होता, म्हणजे बाजारातली चूक सरकारच्या अंगावर मालाच्या रूपात येत होती. मी म्हणतो त्यात सरकार एक किलोही ऑक्साइड विकत घेत नाही. कारखान्याशी दहा-पंधरा वर्षांचा करार होतो, ठरावीक टनांपुरता. बाजारभाव ठरलेल्या पातळीखाली गेला तर फरक सरकार देतं, वर गेला तर जादा रकमेतला वाटा सरकारला परत येतो. पातळी कोण कमीत कमी मागतो यावर निविदा काढता येते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै २०२५ मध्ये एमपी मटेरियल्सशी जवळपास हाच करार केला: एनडीपीआरला किलोमागे ११० डॉलरची तळरेषा, दहा वर्षं. त्या वेळचा बाजारभाव तिच्या जवळपास निम्मा होता. बाजारव्यवस्थेची दुहाई देणाऱ्या देशाने हे केलं, यातच परिस्थितीची कबुली आहे. माझ्या मते ११० ही पातळी चढीच आहे आणि एकाच कंपनीशी वाटाघाटीने ठरवल्यामुळे ती तशी झाली. आपण निविदेने त्याहून खाली जाऊ शकतो.

खर्च किती? आपण वर्षाला सहा हजार टन चुंबकांचं उद्दिष्ट धरलं आहे. चुंबकात दुर्मिळ मृदा साधारण तीस टक्के, म्हणजे अठराशे टन धातू; धातू करताना, कापताना, घासताना होणारी घट धरली तर दोन हजार टनांच्या वर ऑक्साइड लागेल. (आपल्या सध्याच्या उत्पादनाच्या हे कितीतरी पट आहे, त्यामुळे हमी टप्प्याटप्प्यानेच द्यावी लागेल.) समजा वाईट वर्षात किलोमागे ४० डॉलरचा फरक भरावा लागला, तर दोन हजार टनांचे आठ कोटी डॉलर, म्हणजे आजच्या दराने सुमारे सातशे कोटी रुपये. तेही वाईट वर्षातच. मिशनच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिलं तर ही रक्कम मोठी वाटत नाही. या धातूंचा बाजारच लहान आहे. तो लहान असल्यामुळे एक देश त्याला वेठीस धरू शकतो आणि तो लहान असल्यामुळेच दुसऱ्या देशाला त्यातून स्वस्तात सुटता येतं.

त्यापेक्षा साठा करून ठेवा, असं काही जण सुचवतात. जपान, दक्षिण कोरिया साठे ठेवतात, आपणही ठेवावेत. पण साठा कशाचा? चुंबकाचा ठेवला तर आकार आणि प्रत वर्षागणिक बदलते, शिवाय गंज. ऑक्साइडचा ठेवला तर त्याचा धातू करणारा देशात हवा. साठ्याने काही महिने विकत मिळतात. त्या महिन्यांत करायचं काय, हा प्रश्न कारखाना नसेल तर तसाच राहतो.

पर्यावरणाच्या आक्षेपाला मी इतक्या सहज उत्तर देणार नाही. हा धंदा घाण आहे. मलेशियात इपोहजवळ बुकित मेराह इथला जुना कारखाना किरणोत्सारी कचऱ्यामुळे नव्वदच्या दशकात बंद पाडावा लागला, लायनसलाही तिथे वर्षानुवर्षे विरोध झाला. केरळात आलप्पाडच्या किनाऱ्यावर वाळूउपशाविरुद्ध लोक उगाच उभे राहिलेले नाहीत, आणि रत्नागिरीच्या काळ्या वाळूचा विषय निघाला तर तिथलेही उभे राहतील. मी एवढंच म्हणेन की चिनी माल स्वस्त होता त्यात चीनमधल्या बाओटौच्या गाळतळ्याची किंमत धरलेली नव्हती, ती तिथल्या गावांनी भरली. त्या भावाशी बरोबरी करायला लावलेला आपला कारखाना पहिली काटकसर सांडपाण्यावर करतो. असं होताना या धंद्यात सगळ्यांनी पाहिलं आहे. करारात थोरियमची साठवण आणि पाणीशुद्धी यांचा खर्च धरून तळरेषा ठरवली, तर त्या अटी पाळल्या नाहीत म्हणून पैसे रोखायचा अधिकारही सरकारला मिळतो. नुसत्या परवान्यात तो धाक नसतो.

या सूचनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. डिस्प्रोसियम आणि टर्बियम, ज्यांच्याभोवती चीनने खरा फास आवळला, ते आपल्या मोनाझाइटमध्ये नगण्य आहेत. त्यांचा मोठा स्रोत दक्षिण चीन आणि म्यानमारच्या काचिन प्रांतातल्या मातीत आहे, आणि हमीभाव दिला म्हणून ते आपल्या वाळूत उगवणार नाहीत. तिथे जपानने २०१० च्या शंभर अब्ज येनच्या तरतुदीतून जे केलं त्याचाच उपयोग: डिस्प्रोसियम चुंबकभर न मिसळता कणांच्या कडांपुरतं मुरवून त्याची गरज कमी करणं, आणि जुन्या चुंबकांतून ते परत काढणं. पुनर्वापरासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये १,५०० कोटींची योजना आली आहे. तिथेही भंगारातून निघालेल्या धातूला भाव कोण देणार, हाच प्रश्न पुढे येईल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली, ती मला आजवरच्या सगळ्यांत बरी वाटते, कारण तिच्यातले ६,४५० कोटी विक्रीवर मिळणार आहेत, शेडच्या उद्‌घाटनावर नाही. पण हे प्रोत्साहन पाच वर्षांपुरतं आहे, आणि ते बाजारभाव पाहून वरखाली होत नाही. तेजीतही तेवढंच, मंदीतही तेवढंच. मोलिकॉर्पला तेजीत मदतीची गरज नव्हती. शिवाय चुंबकाची योजना अवजड उद्योग मंत्रालयाकडे, मिशन खाण मंत्रालयाकडे आणि मोनाझाइट अणुऊर्जा विभागाकडे. ऑक्साइड आणि धातूचा जो मधला टप्पा सर्वांत आधी बुडतो, त्याच्या भावाची जोखीम या तिघांपैकी कुणाच्याच कागदावर नाही. याचं एक कारण आपल्या लेखापरीक्षणाच्या रिवाजात आहे. कोट्यवधींचा प्रकल्प उभारून तो अर्ध्या क्षमतेने चालला तर कुणा अधिकाऱ्याची झोप उडत नाही, पण बाजारात चाळीसला मिळणाऱ्या वस्तूवर सत्तरची हमी दिली तर फाइलवर आक्षेप येतो आणि सही करणारा निवृत्तीनंतरही खुलासे देत बसतो. जोगमेकच्या माणसांना हे भय नव्हतं, कारण जोखीम घेणं हेच त्यांच्या संस्थेचं कायद्याने नेमून दिलेलं काम होतं. आपल्याकडे तसा अधिकार ‘काबिल’ला देता येईल किंवा नव्या संस्थेला, संसदेने तो कायद्यात लिहावा लागेल, फरकाच्या रकमेची वार्षिक कमाल मर्यादा घालून, म्हणजे अर्थखात्यालाही तो आकडा अंदाजपत्रकात आधीच धरता येईल.